मुखपृष्ठ, संगीत नियतकालिकांचे

मुखपृष्ठ, संगीत नियतकालिकांचे : संगीतविषयक मासिके, त्रैमासिके, वार्षिके इत्यादींचे दर्शनी पान आणि त्यावरील नाममुद्रा, चित्र, अक्षरे व रंग यांची वाचकाचे लक्ष वेधण्यासाठी केलेली योजना. नियतकालिकाची ओळख पटविणे, अंकातील आशय सुचविणे आणि अंक हाती घेण्याची इच्छा निर्माण करणे, ही कोणत्याही मुखपृष्ठाची तीन कार्ये होत. संगीत नियतकालिकाच्या बाबतीत यांना आणखी एक अडचण येऊन मिळते. संगीत हे ऐकावयाचे असते. मुखपृष्ठ मात्र पाहावयाचे असते. जे मुळात दिसत नाही, ते दाखवावयाचे कसे, हा या रचनाप्रकारापुढील मूलभूत प्रश्न होय.

नाद दृश्य करण्याच्या रीती : या प्रश्नाची सामान्यतः चार उत्तरे दिली गेली आहेत. कलावंताचे चित्र वा छायाचित्र छापणे, हे पहिले व सर्वाधिक रूढ. वाद्याची आकृती हे दुसरे. वीणा, तंबोरा, सारंगी, सतार यांचे डौलदार बाह्याकार चित्रकाराला विशेष सोयीचे असतात. तिसरे उत्तर ऐकणाऱ्याला दाखविण्याचे. ध्वनिमुद्रिकांच्या कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेल्या कुत्र्याचे फ्रान्सिस बारॉ या चित्रकाराने १८९८ च्या सुमारास काढलेले चित्र व्यापारचिन्ह म्हणून जगभर पसरले. त्यात गायक नाही की वादक नाही. केवळ श्रवणातील तन्मयता आहे. चौथे उत्तर प्रतीकाचे : रंग, रेषा, लय किंवा निव्वळ अक्षरे यांतून संगीताचा भाव सुचविणे.

यांपैकी चौथी रीत भारतात जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दख्खनेत चितारल्या गेलेल्या रागमाला-चित्रांत रागाचे स्वर दाखविलेले नसून त्याचा प्रहर, ऋतू आणि नायक-नायिकेची अवस्था रंगविलेली असते. शिल्पातील एक उत्कृष्ट उदाहरण छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील औरंगाबाद लेण्यांतील सातव्या लेण्यात आढळते. तेथील गर्भगृहात एक नर्तकी मध्यभागी असून वाद्ये वाजविणाऱ्या सहा स्त्रिया तिच्या दोन्ही बाजूंस आहेत. नर्तकीचा देह वळणदार व आकाराने मोठा आणि वादिका लहान, अशी योजना असल्याने पाहणाऱ्याची नजर प्रथम मध्यावर स्थिरावते व नंतर कडेला सरकते. एक आकृती ठळक व इतर तिला पूरक, हेच तत्त्व आधुनिक मुखपृष्ठरचनेतही पाळले जाते. फरक एवढाच, की शिल्पकाराने साथ करणाऱ्यांना चौकटीबाहेर ठेवलेले नाही.

रचनेचे घटक : नाममुद्रा, म्हणजे नियतकालिकाच्या नावाचे ठरावीक अक्षरचित्र, हा मुखपृष्ठाचा स्थिर भाग, चित्र, रंग व आशयसूचक ओळी हा बदलता भाग. स्थिर भागामुळे जुना वाचक अंक ओळखतो आणि बदलत्या भागामुळे हा अंक नवा असल्याचे त्याला समजते. विक्रेत्याच्या फळीवर अंक एकावर एक रचले जातात किंवा दोरीला चिमट्याने लटकविले जातात. त्यामुळे पुष्कळदा पानाचा वरचा भागच दृष्टीस पडतो. नाव माथ्यावर ठेवण्याचा प्रघात यातून दृढ झाला. छायाचित्रातील चेहरा वाचकाकडे रोखून पाहत असला, तर नजर अधिक काळ खिळते. डोळे मिटून गाणारा चेहरा संगीताशी अधिक प्रामाणिक असला, तरी त्याचे आवाहन संथ असते. या दोहोंतील निवड ही केवळ तांत्रिक बाब नसून तीत नियतकालिकाचे धोरण प्रकट होते.

देवनागरी नाममुद्रेचे काही विशेष आहेत. शिरोरेषेमुळे संपूर्ण नावाला एक आडवा बंध मिळतो. मात्र वेलांट्या, मात्रा व अनुस्वार रेषेच्या वर, तर उकार खाली जात असल्याने रोमन लिपीच्या तुलनेने तिला उभी जागा अधिक लागते. कुशल अक्षरकार या अडचणीचाच उपयोग करून घेतो : वेलांटीला तंबोऱ्याच्या भोपळ्याची गोलाई किंवा शिरोरेषेला तारेचा ताण देता येतो. मराठी सुलेखन व अक्षररचना यांत र. कृ. जोशी (१९३६–२००८) आणि कमल शेडगे (१९३५–२०२०) यांचे कार्य महत्त्वाचे आहे. शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींतील नावांना त्या त्या नाटकाच्या प्रकृतीनुसार रूप दिले व अक्षर हेच चित्र होऊ शकते, हे दाखवून दिले.

पाश्चात्त्य देशांतील विकास : युरोपातील जुन्या संगीत नियतकालिकांना आजच्या अर्थाने मुखपृष्ठ नव्हते. रॉबर्ट शूमान याने १८३४ मध्ये लाइपसिक येथे सुरू केलेले नोए त्साइटश्रिफ्ट फ्यूर म्यूझीक हे पत्र नावाखाली थेट मजकूर छापून वाचकापुढे येई. विसाव्या शतकात ध्वनिमुद्रिका व नभोवाणी यांनी मोठा श्रोतृवर्ग निर्माण केला आणि त्याच्यासाठी लंडनचे मेलडी मेकर (१९२६), शिकागोचे डाउनबीट (१९३४) यांसारखी नियतकालिके निघाली. १९४० च्या सुमारास अमेरिकेत अलेक्स स्टाइनवाइस याने ध्वनिमुद्रिकांच्या कोऱ्या आवरणांवर चित्रे छापण्यास प्रारंभ केला. त्यानंतर संगीताला दृश्य चेहरा देण्याची प्रथा दुकानात व वृत्तपत्रविक्रेत्याकडे सारखीच रुजली.

सॅन फ्रॅन्सिस्को येथे नोव्हेंबर १९६७ मध्ये सुरू झालेल्या रोलिंग स्टोन या पत्राने मुखपृष्ठावरील कलावंताच्या छायाचित्राला सांस्कृतिक घटनेचे महत्त्व आणून दिले. जॉन लेनन याच्या हत्येच्या दिवशीच, म्हणजे ८ डिसेंबर १९८० रोजी, ॲनी लाइबोविट्स हिने त्याचे व योको ओनोचे छायाचित्र टिपले होते. २२ जानेवारी १९८१ च्या अंकावर ते नियतकालिकाच्या नावाखेरीज कोणत्याही मथळ्याविना छापण्यात आले. २००५ मध्ये अमेरिकन संपादकांच्या संघटनेने गेल्या चाळीस वर्षांतील सर्वोत्कृष्ट मुखपृष्ठ म्हणून त्याची निवड केली. शब्द गाळणे हेही आकर्षणाचे साधन ठरू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय. याउलट ब्रिटनमध्ये द फेस (१९८०) या मासिकात नेव्हिल ब्रॉडी याने व अमेरिकेत रे गन (१९९२) या मासिकात डेव्हिड कार्सन याने अक्षरांनाच मोडून-वाकवून संगीतातील बंडखोर वृत्ती सुचविली. त्यात वाचनीयतेचा बळी जातो, असा आक्षेपही घेतला गेला.

भारत व महाराष्ट्र : भारतातील संगीत नियतकालिके मुख्यतः संस्थांच्या आश्रयाने वाढली. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या लाहोर येथील गांधर्व महाविद्यालयातून (स्थापना १९०१) संगीतामृत प्रवाह हे मासिक निघत असे. मद्रासच्या म्यूझिक ॲकॅडेमीचे जर्नल १९३० मध्ये, हाथरसचे हिंदी संगीत १९३५ मध्ये, संगीत नाटक अकादमीचे संगीत नाटक १९६५ मध्ये आणि मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राचे त्रैमासिक १९७२ मध्ये सुरू झाले. पलुस्करांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये स्थापिलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे संगीत कला विहार हे मासिक १९४७ पासून निघू लागले. बी. आर. देवधर यांनी त्याचे संपादन केले. त्यांनी लिहिलेली गायक-वादकांची चरित्रे पुढे थोर संगीतकार या ग्रंथाच्या रूपाने मान्यता पावली.

अशा नियतकालिकांचा वाचक हा बहुधा विद्यार्थी, शिक्षक किंवा संस्थेचा सभासद असतो. अंक त्याच्याकडे वर्गणी भरल्यावर टपालाने येतो. फळीवरील इतर अंकांशी त्याला स्पर्धा करावी लागत नाही. म्हणून येथे मुखपृष्ठाचे काम आकर्षणापेक्षा ओळखीचे व संग्रहसोयीचे असते आणि साधी, एकसारखी रचना हा दोष ठरत नाही. बहुरंगी ठशांचा खर्चही छोट्या संस्थांना परवडणारा नसे; एकच ठसा ठेवून दर अंकास केवळ शाईचा रंग बदलण्याची युक्ती काटकसरीची व उपयुक्त होती. मुखपृष्ठाचे स्वरूप प्रामुख्याने विक्रीपद्धतीवरून ठरते, याचा हा पडताळा होय.

मराठीत संगीतविषयक लेखन संगीताला वाहिलेल्या नियतकालिकांइतकेच सर्वसाधारण नियतकालिकांतूनही झाले. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने वसुंधरा साप्ताहिकातून गायकांविषयी केलेले लेखन याची साक्ष देते. त्यामुळे संगीताची दृश्य प्रतिमा घडविण्यात मासिकांच्या व दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचाही वाटा आहे. का. र. मित्र यांच्या मासिक मनोरंजनाने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली व वर्षातून एकदा, सणाच्या खरेदीबरोबर, घरात येणारा हा अंक सजलेला असावा, अशी अपेक्षा रूढ झाली. चित्रकार दीनानाथ दलाल (१९१६–७१) यांनी १९४५ मध्ये दीपावली हा स्वतःचा अंक काढला. रघुवीर मुळगावकर (१९१८–७६) यांच्या चित्रांनीही हा काळ गाजला. वीणाधारिणी सरस्वतीची प्रतिमा राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयातील शिलामुद्रित चित्रांमुळे पूर्वीच घरोघरी पोचलेली होती. तिच्या वळणावरील, हाती वाद्य घेतलेली सालंकृत स्त्री हे संगीताचे सर्वपरिचित चिन्ह होऊन बसले.

मूल्यमापन : या चिन्हाने वाचकाला आकृष्ट केले, तरी संगीताविषयीची एक अपुरी समजूतही पसरविली. चित्रातील स्त्रीची बोटे अनेकदा तारांवर योग्य जागी नसतात. वाद्य हे अलंकारासारखे धरलेले असते. रियाजाचे कष्ट, बैठकीची मांड, गुरूसमोर बसलेला शिष्य यांना तेथे स्थान नसते. छायाचित्रांच्या काळात वेगळा प्रश्न उद्भवला. एका चेहऱ्याला जागा देणाऱ्या मुखपृष्ठामुळे मैफलीतील तबला, सारंगी किंवा संवादिनी वाजविणारे साथीदार दृष्टीआड राहतात. प्रसिद्ध चेहरा अंक खपवितो आणि अंकावर छापल्याने तो अधिक प्रसिद्ध होतो; अप्रसिद्ध पण श्रेष्ठ कलावंताला या चक्रात शिरणे कठीण जाते. मुखपृष्ठ संगीतक्षेत्राचे केवळ वर्णन करीत नाही, तर त्यातील मानाची जागा कोणाची, हेही काही प्रमाणात ठरविते. संपादकाची जबाबदारी येथे चित्रकारापेक्षा मोठी असते.

संगणकावरील अक्षरजुळणी व ऑफसेट मुद्रण यांमुळे बहुरंगी मुखपृष्ठ सुलभ झाले. पुढे छापील अंकांचे क्षेत्रच आकुंचित झाले : मेलडी मेकर २००० मध्ये न्यू म्यूझिकल एक्स्प्रेस या साप्ताहिकात विलीन झाले व त्या साप्ताहिकाची छापील आवृत्तीही २०१८ मध्ये थांबली. मुखपृष्ठ आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर टपाल-तिकिटाएवढ्या आकारातही ओळखू यावे लागते. त्यामुळे मोठी अक्षरे, एकच आकृती व मोजके रंग यांकडे कल वाढला आहे. साधने बदलली, तरी कसोटी बदललेली नाही. मुखपृष्ठाने दिलेले आश्वासन आतील पानांनी पाळले, तरच वाचक पुढील अंकाची वाट पाहतो. अन्यथा आकर्षक मुखपृष्ठ अंक एकदा खपविते आणि वाचक कायमचा गमावते.