तळमजला कोणाचा?

शाळेत सर्वांत लहान मुलांच्या वाट्याला सर्वांत वरचा मजला का येतो? उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. खाली कचेरी हवी, कारण पालक फी भरायला येतात. खाली कार्यकारी मंडळाची खोली हवी, कारण चिटणीसांचे गुडघे दुखतात. प्रयोगशाळेला नळ हवा. उरला वरचा मजला! बालवर्ग बहुधा शाळेत मागाहून आलेला, अनुदान नसलेला. धाकट्या जावेसारखा, मिळेल ती खोली गोड मानून घेणारा. मी तीस वर्षे बालवर्ग चालविले, त्यांतली बरीचशी दुसऱ्या मजल्यावर.

साडेतीन वर्षांचे मूल जिना कसे उतरते ते एकदा मुद्दाम पाहा. एक पाय खालच्या पायरीवर, मग दुसराही तिच्यावरच. मग जरा थांबून खाली काय चालले आहे त्याची पाहणी. कठडा त्याच्या डोक्याइतका उंच. अशी तीस मुले आणि बाईंना हात दोनच! त्यातून घाबरलेले मोठे मूल पळते, पण लहान मूल पुष्कळदा लपते, बाकाखाली किंवा कपाटामागे. आणि धुराला वर चढायला जिन्यासारखी दुसरी वाट नाही. मुलांनी जिथून उतरायचे, तिथूनच तो वर येत असतो.

शिकागोच्या 'अवर लेडी ऑफ द एंजल्स' शाळेत १ डिसेंबर १९५८ रोजी हेच घडले. तळघरात, जिन्याच्या पायथ्याशी, रद्दीच्या पिंपात आग लागली. तळमजल्यावर जिन्याला दार होते, ते बंद होते. तिथली मुले सुटली. वरच्या मजल्याला तसे दार नव्हते. ९२ मुले आणि ३ शिक्षिका-जोगिणी गेल्या. अमेरिकन लोक ज्याला दुसरा मजला म्हणतात, तो आपला पहिला. म्हणजे उंची एवढीच, एका जिन्याची! आज तिथल्या अग्निसुरक्षेच्या नियमावलीत बालवर्ग आणि पहिली यांची जागा सर्वसाधारणपणे बाहेर पडण्याच्या दाराच्या पातळीवर धरलेली असते.

आपल्याकडे तमिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातली आग वरच्या झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुले दगावली. पुढे १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या सुरक्षिततेबद्दल निकाल दिला. शिशुशाळा आणि प्राथमिक शाळा एकमजली इमारतीत असाव्यात, असे त्यात आहे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधाचा कायदा तर २००६ चाच. पण कायदा लाल नळकांडी भिंतीवर टांगून भागवता येतो. खोल्यांची अदलाबदल म्हणजे कोणाला तरी उठवणे आले.

आमच्याकडे हा प्रश्न सभेत निघाला तेव्हा हेडक्लार्क म्हणाले, "बाई, कचेरी वर नेली तर पालकांना दोन जिने चढावे लागतील."

"चढतील," मी म्हटले, "आणि वेळ आली तर त्यांना धावत उतरताही येईल."

चिटणीस काही बोलले नाहीत. त्यांना संस्थापकांच्या तसबिरीची काळजी होती, असे नंतर कळले.

शेवटी वाद मिटवला तो अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांनी. त्यांनी घंटा द्यायला सांगितली आणि हातातल्या घड्याळाकडे बघत खाली उभे राहिले. शेजारी चिटणीस. शिशुवर्गाचे शेवटचे मूल पायरी-पायरीने उतरून अंगणात आले तेव्हा सहा मिनिटे होऊन गेली होती, आणि धूर नव्हता, अंधार नव्हता, कोणी रडतही नव्हते. अधिकाऱ्यांनी आकडा वहीत लिहिला. चिटणीसांनी त्याच दिवशी आपल्या खोलीची किल्ली माझ्याकडे पाठवून दिली. तसबिरीसह!

पण नुसती खोली बदलून चालत नाही, बरे का. दार आत उघडणारे होते, ते बाहेर उघडणारे केले. खिडक्यांचे गज पक्के होते. त्यातल्या एका खिडकीला आतून उघडणारी जाळी बसवली. न्हाणीघरातले नळ खाली आणले. जिन्याखाली कित्येक वर्षांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, ते रद्दीवाल्याने दोन हातगाड्या भरून नेले. शिकागोचे पिंप मला तेव्हा आठवले.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथलाच. आम्हाला शहरात अंगणापर्यंत यायला इतकी वर्षे लागली, याचे मला नवल वाटते.

नव्या जागेतून पुन्हा घंटा दिली. पाऊण मिनिटात सारी मुले बाहेर! मागच्या दाराचे मात्र अजून जमलेले नाही. त्याचे कुलूप शिपायाकडे असते, आणि शिपाई अकरा वाजता चहाला जातो. कुलूप काढून आतून सरकणारी कडी बसवा, असा अर्ज मी गेल्या सोमवारी दिला आहे.