वावर प्लॉट कधी होतं? नेरच्या रोडवरून शहराचा भूगोल

हा भाग मी नेरमध्ये, काकांच्या वावराच्या धुऱ्यावर बसून रेकॉर्ड केला. त्यामुळे ऐकताना मध्येच ट्रकचे हॉर्न येतील. वाचणारे सुटले!

नेर म्हणजे यवतमाळ–अमरावती रोडवरचं तालुक्याचं गाव. धुळ्याकडेही एक नेर आहे, म्हणून आमचं 'नेर परसोपंत'. काकांचं दोन एकर वावर रोडला लागून आहे आणि दलाल तिसऱ्यांदा येऊन गेलाय. घरात दोन तट पडलेत. मी भूगोल शिकतो, म्हणून काकांनी मलाच धरलं, "तू शिकला ना? मंग सांग, गाव इकडं येईन का?"

प्रश्न साधा वाटतो, पण अख्खा शहरी भूगोल त्यात आहे.

आधी हे बघा, नेर गाव की शहर? जनगणनेचा नियम असा: जिथे नगर परिषद आहे ते शहरच. नसेल तर तीन अटी लागतात. लोकसंख्या किमान 5000, चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं, आणि मुख्य कामकरी पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात. नेरला नगर परिषद आहे, म्हणजे कागदावर शहर. बोलताना मात्र आम्ही 'गावात जाऊन येतो' असंच म्हणतो.

आता गाव वाढतं कशावर? 1933 मध्ये वॉल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञानं यावर एक सिद्धांत मांडला. त्याला केंद्रस्थळ सिद्धांत म्हणतात. मीठ-तेल खेड्यातल्या दुकानात मिळतं. बियाणं, खत, तहसीलचं काम असलं की नेर. मोठा दवाखाना म्हटला की यवतमाळ, आणि तिथंही जमलं नाही तर सेवाग्राम किंवा नागपूर. प्रत्येक दुकानाला तगायला किमान काही गिऱ्हाईक लागतं, तो त्याचा उंबरठा. आणि त्या वस्तूसाठी माणूस जास्तीत जास्त जेवढं लांब यायला तयार असतो, तो तिचा पल्ला. म्हणजे नेर नुसतं नेरच्या लोकांवर चालत नाही, आजूबाजूच्या खेड्यांवर चालतं. बाजाराच्या दिवशी स्टँडवर उभं राहा, पुस्तक उघडायची गरज नाही. अन् ज्या साली कापूस हातचा गेला, त्या साली नेरमधल्या कापडाच्या दुकानात शुकशुकाट असतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

कापसासाठी इंग्रजांच्या काळात टाकलेली शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला गेली. नेर बाजूलाच राहिलं. (आता तर ती गाडीच बंद आहे.) म्हणून नेरचं सगळं जगणं रोडवर, आणि वाढही रोडच्या कडेकडेनं, फितीसारखी. अर्नेस्ट बर्जेसनं 1925 मध्ये शिकागोवरून शहराची गोल-गोल वलयं काढली होती, परीक्षेला हमखास येतात. नेरच्या नकाशावर ती बसवून बघा, बसत नाहीत.

मग खरा मुद्दा, जमिनीचा भाव. पराटीचा हिशेब क्विंटलमध्ये होतो, प्लॉटचा चौरस फुटात. एकरात 43,560 चौरस फूट असतात. दलाल हाच आकडा मोबाईलवर गुणून दाखवतो आणि माणूस गप्प होतो. जो जास्त भाडं किंवा भाव देऊ शकेल, त्याच्या वापराकडे जमीन जाते. रोडलगत शेती ही शर्यत हरते, कास्तकार कितीही कष्टाळू असला तरी. यवतमाळच्या कडेची लोहारा, वाघापूर, उमरसरा ही खेडी अशीच शहरात गेली.

पण इथं एक घोळ आहे. यवतमाळ जिल्ह्याचं ठिकाण आहे, त्याचा पल्ला मोठा. नेरचा तेवढा नाही. प्लॉट विकले जाणं आणि गाव वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काकांच्या समोरच एक ले-आउट पडला, त्याला पाच वर्षं झाली. कोणी पोरीच्या लग्नासाठी घेतला, कोणी नुसता भाव वाढेल म्हणून. आज तिथं चार घरं आहेत, बाकी हद्दीचे दगड अन् गाजरगवत. ले-आउट पाडताना मधला नाला बुजवला, त्याचं पाणी दर पावसाळ्यात काकांच्या तुरीत शिरतं. भाव वाढला, वस्ती नाही वाढली.

म्हणून मी काकांना म्हटलं, दलालाचा आकडा बाजूला ठेवा, रात्री समोरचे दिवे मोजू. मोजले. चारपैकी तीन घरात उजेड होता.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे गाव येईन, पण माह्या पायानं नाही येत." दलालाला त्यांनी दिवाळीनंतर ये म्हणून सांगितलंय. काकूला हे पटलेलं नाही, पोराच्या फीचा हप्ता दिवाळीच्या आधी आहे.