दोघांचे मत

व्हिएतनाम युद्धाची मीमांसा करू जाणारे बहुधा रणांगणापासून आरंभ करतात. आम्हांस मात्र १९६४ सालच्या ऑगस्टची ७ तारीख अधिक विचारार्ह वाटते. टॉन्किनच्या आखातात आपल्या युद्धनौकांवर दोनदा हल्ला झाल्याचे सांगून अध्यक्ष जॉन्सन यांनी अमेरिकन काँग्रेसकडे लष्करी कारवाईची मोकळीक मागितली, आणि प्रतिनिधिगृहाने ती ४१६ विरुद्ध शून्य मतांनी देऊन टाकली! सेनेटमध्ये अनुकूल ८८, प्रतिकूल अवघे दोघे: ओरेगॉनचे वेन मॉर्स व अलास्काचे अर्नेस्ट ग्रुएनिंग. त्यांतील दुसरा हल्ला मुळी झालाच नव्हता, हे पुढे उघड झाले.

कम्युनिझमला विरोध करणे हा काही गुन्हा नव्हे. परंतु त्या विरोधाच्या भरात, राज्यघटनेने आपल्याकडे सोपविलेला युद्धाचा निर्णय लोकप्रतिनिधींनी एका माणसाच्या ओटीत घालावा, हे लोकशाहीस कितपत शोभते? सेनेटमध्ये त्या ठरावाचे सारथ्य करणाऱ्या फुलब्राइट यांनीच १९६६ साली युद्धाची जाहीर झाडाझडती आरंभिली. १९६८ च्या मार्चमध्ये जॉन्सन यांनी पुनश्च उमेदवारी न करण्याचे घोषित केले. ठराव १९७१ साली रद्द झाला. अध्यक्षांच्या युद्धाधिकारास आवर घालणारा कायदा, निक्सन यांचा नकाराधिकार डावलून, १९७३ साली आला. या युद्धात ५८,००० हून अधिक अमेरिकन कामास आले. व्हिएतनामींची गणती तर लाखांत.

आणि मॉर्स व ग्रुएनिंग? १९६८ च्याच निवडणुकीच्या हंगामात दोघांनीही आपल्या जागा गमावल्या. ग्रुएनिंग यांना तर स्वपक्षाची उमेदवारीसुद्धा मिळाली नाही.