पत्र्याच्या शेडमधली थंडी आणि हीटरची निवड

मंडळी, मुंबईकडे थंडी ती कसली, असे कोणी म्हणाले तर त्याला पौषातल्या पहाटे बदलापूरला घेऊन या. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही गावे समुद्रापासून आत. समुद्राची ऊब इथवर पोचत नाही. आभाळ निरभ्र असले की दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर निवते आणि पारा कधीकधी १२-१३ अंशांपर्यंत उतरतो. घरात पांघरूण असते हो. पण घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मोटार ठेवायच्या खोलीत, पहाटे रंधा किंवा शिलाईयंत्र चालवणाऱ्याचे काय? बोटे आखडली की हत्यार निसटते.

उल्हासनगरात तर घर आणि कारखाना शेजारीशेजारीच. फाळणीनंतर लष्कराच्या जुन्या छावणीत सिंधी निर्वासित आले, १९४९ साली गावाला हे नाव मिळाले, आणि या लोकांनी घरोघरी लहानमोठे धंदे उभे केले. म्हणून हा प्रश्न इथे अनेकांचा आहे.

पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही नको. धूर निघत नाही, निखारा लालभडक आहे, मग भीती कसली, असे आपल्याला वाटते. पण त्याच निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो आणि प्राणवायूला जागाच ठेवत नाही. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, झोप येते. शेगडी पेटती ठेवून दार लावून झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या उत्तरेकडून हिवाळ्यात येतच असतात. दिवा जळतो आहे म्हणजे हवा चांगली, हाही भ्रमच. दिवा विझण्याच्या कितीतरी आधी माणूस पडतो. असे कोणी आढळले तर दारे उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ क्रमांकावर फोन करा. मोटारीचे इंजिनही दार लावून चालू ठेवू नका. तेही हाच वायू सोडते.

मग विजेचा हीटर घ्यायचा, तर कोणता? पंख्याचा हीटर हवा तापवतो. पण शेडला फटी असतात, ऊन हवा वर जाते आणि पत्र्याखालून निघून जाते. शिवाय पंखा भुसा आणि कापसाचा कोंडा ओढून तापलेल्या तारेवर नेतो. तेलाचा हीटर सावकाश तापतो. तो बंदिस्त खोलीत बरा. उघड्यावाघड्या शेडमध्ये लाल होणाऱ्या कांडीचा हीटर सोयीचा, कारण तो उन्हासारखी ऊब थेट अंगावर टाकतो. आपल्याला खोली तापवायची नाही, माणूस तापवायचा आहे. मात्र तो भुसा, कापड, चिंध्या यांपासून चांगला मीटरभर दूर ठेवा. थिनर, पॉलिश किंवा पेट्रोलचे काम असेल तेव्हा कोणताच हीटर लावू नका. वाफा पेट घेतात.

आता वीज. २००० वॉटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. दिवा-पंख्याच्या लहान सॉकेटला तो सोसत नाही. वायर तापते, प्लग वितळतो. त्याला १६ अँपिअरचे मोठे सॉकेट हवे. जोडवायरीवर तर लावूच नका. पत्र्याच्या भिंतीला वीज उतरली तर अख्खी भिंतच धक्का देते. म्हणून तीन पिनांचा प्लग, चांगले अर्थिंग, आणि गळती होताच वीज तोडणारे यंत्र वायरमनकडून बसवून घ्या. हीटरवर आय.एस.आय. खूण बघा, आणि तो आडवा पडला तर आपोआप बंद होतो की नाही, हे दुकानातच पाहून घ्या.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. १००० वॉटचा हीटर तासभर चालला की एक युनिट जळते. गुरुजींनो, हे गणित वर्गात जरूर घाला : रोज पहाटे २ तास, तर ३० दिवसांत किती? उत्तर ६० युनिटे. मुले घरी जाऊन सांगतील, आणि त्याच बोलण्यात शेगडीचीही गोष्ट निघेल.

शेवटी, हीटर घेण्याआधी फटी बुजवा, पायाखाली लाकडी फळी टाका, अंगात स्वेटर घाला. पण वरचा झरोका मात्र उघडा राहू द्या. ऊब थोडी कमी मिळाली तरी चालेल. श्वास कमी पडता कामा नये.