सहा महिन्यांचा कोर्स आणि रोजचा एक छोटा आनंद

आमच्या वस्तीतल्या एका ताईंना गेल्या वर्षी फुप्फुसाचा टीबी निघाला. वय चाळिशीच्या आत. चार घरची धुणीभांडी करून संसार ओढणारी बाई. आजार कळला त्या आठवड्यात चारही घरची कामे सुटली. शेजारणींनी नळावर बोलणे कमी केले. घरात सासूने ताट-वाटी वेगळी काढली आणि ताईंचे अंथरूण माळ्यावर गेले. रविवारी वंदनेला विहारात जाणेही त्यांनी आपणहून बंद केले. मी गोळ्यांची विचारपूस करायला गेले तेव्हा म्हणाल्या, "गोळ्या गिळते गं, पण दिवस गिळवत नाही."

हे वाक्य मनात राहिले. टीबीच्या गोळ्या, तपासणी, आहार याविषयी या पानावर आपण पुष्कळ वाचतो. पण सहा महिने एका खोलीत, कामाविना, माणसांविना दिवस कसा काढायचा, हे कोणी सांगत नाही. आणि बरेच जण कोर्स अर्ध्यावर सोडतात, त्याचे एक कारण इथेच असते. म्हणून आज गोळीबद्दल थोडे आणि दिवसाबद्दल जास्त बोलू.

आधी भीती मोजून घेऊ

एकटेपणा आजारामुळे येतो, तसा गैरसमजातूनही येतो. म्हणून काही गोष्टी स्पष्ट करून घेऊ.

फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो. रुग्ण खोकतो, शिंकतो, तेव्हा बारीक थेंब हवेत जातात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. ताट, वाटी, ग्लास, कपडे, अंथरूण, हात लावणे, शेजारी बसून जेवणे यातून टीबी होत नाही. भांडी नेहमीसारखी घासली की झाले. गाठीचा, हाडाचा, पोटाचा टीबी असेल आणि फुप्फुसात काही नसेल, तर तो सहसा दुसऱ्याला लागत नाही.

औषध नियमित सुरू झाले की संसर्ग पसरण्याचा धोका झपाट्याने उतरतो. साध्या टीबीत बहुतेकांना साधारण दोन आठवड्यांनंतर लोकांपासून दूर राहण्याची गरज उरत नाही. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत हा काळ जास्त असू शकतो. तुमच्या बाबतीत नेमके किती दिवस, हे डॉक्टरांना विचारा. तोवर तोंडाला मास्क किंवा रुमाल लावावा, दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, लहान मुलांना शेजारी झोपवू नये. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्यावी. ज्यांना आजार नाही, त्यांना तो होऊ नये म्हणूनही औषध मिळते.

म्हणजे ताईंना माळ्यावर सहा महिने काढायची काहीच गरज नव्हती. उलट पत्र्याखालचा माळा म्हणजे सगळ्यात कोंदट जागा. दारातला ओटा त्यांच्यासाठीही चांगला होता आणि घरच्यांसाठीही.

मन खचले की गोळी का सुटते?

साध्या टीबीचा कोर्स किमान ६ महिन्यांचा. पहिले २ महिने चार औषधे, पुढचे ४ महिने तीन. दोन महिन्यांत खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते. इथेच फसगत होते. अंगाला बरे वाटू लागते, पण मन मात्र थकलेले असते. "आता काय, झालंच की बरं," असे म्हणून गोळी चुकते. आज एक, उद्या दोन. आत उरलेले चिवट जंतू मग पुन्हा वाढतात आणि त्यांच्यावर ती औषधे चालेनाशी होतात. पुढचा उपचार अधिक अवघड, आणि शरीराला अधिक जड.

उदासी कशी वाढते, हेही समजून घ्या. मन लागत नाही म्हणून माणूस अंथरुणात पडून राहतो. पडून राहिला की दिवसभरात चांगले वाटावे असे काही घडतच नाही. काही घडले नाही की मन आणखी उतरते. मग उठावेसेच वाटत नाही. विहिरीच्या रहाटासारखे हे चक्र फिरत राहते.

आपण म्हणतो, "मन ताळ्यावर आलं की मग बघू." पण बऱ्याचदा उलटे करावे लागते. मन लागत नसतानाही हाताने एखादी छोटी गोष्ट करायची, मन मागून येते. याच तत्त्वावर गोव्यात 'संगाथ' या संस्थेने एक उपचार तयार केला. तीव्र उदासीच्या आजाराने त्रस्त असलेल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या सुमारे ५०० लोकांवर तो तपासला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते; साध्या लोकांना प्रशिक्षण देऊन तयार केले होते. सहा ते आठ भेटींत ते रुग्णाला रोजच्या जगण्यातल्या, मनाला उभारी देणाऱ्या गोष्टी पुन्हा सुरू करायला मदत करत. तीन महिन्यांनंतर या गटातल्या १०० पैकी ६४ जणांची उदासी उतरली होती. फक्त केंद्रातले उपचार मिळालेल्या गटात हेच प्रमाण १०० पैकी ३९ होते. हा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ते रुग्ण टीबीचे नव्हते, पण मनाचे चक्र सगळ्यांचे सारखेच फिरते.

घरी हे कसे करायचे?

यासाठी पैसा लागत नाही. एक जुनी वही आणि पेन पुरे.

एक : गोळीच्या वेळेला आनंद जोडा. गोळीची वेळ रोज ठरलेली असते. तिच्या मागे लगेच आवडीची एक छोटी गोष्ट लावा. गोळी घेतली की ओट्यावर बसून एक गाणे. गोळी घेतली की कुंडीला पाणी. काही दिवसांत शरीराला सवय लागते आणि गोळीही चुकत नाही.

दोन : गोष्ट लहान ठेवा. पाच ते दहा मिनिटांची. "आज घर आवरीन" असे ठरवू नका. "आज एक फळी पुसीन" असे ठरवा. टीबीत थकवा खरा असतो. अर्ध्यावर टाकलेले मोठे काम मनाला खाते, पुरे झालेले छोटे काम मनाला धरून ठेवते.

तीन : दोन प्रकारच्या गोष्टी निवडा. एक, नुसता आनंद देणारी : आल्याचा चहा, भीमगीत, सकाळचे ऊन, नातवाची बडबड. दुसरी, "हे मी केलं" असे वाटायला लावणारी : चार टाके घातलेली गोधडी, निवडलेली भाजी, मुलाला सोडवून दिलेले गणित. दोन्ही हव्यात.

चार : रोज एक गोष्ट माणसाशी जोडलेली असू द्या. बहिणीला फोन, शेजारणीशी दारातून दोन वाक्ये. मोबाइलवर तीन तास व्हिडिओ सरकवत बसणे यात धरू नका. ते वाईट नाही, पण संपल्यावर मन कसे आहे ते स्वतःच तपासा.

पाच : आकडा लिहा. गोष्ट करण्याआधी मन कसे आहे, त्याला १० पैकी गुण द्या. केल्यावर पुन्हा द्या. ३ चा ४ झाला तरी चालेल. आठवडाभराने वही चाळली की आपल्याला नेमके काय लागू पडते ते आपोआप दिसते. लिहिता येत नसेल तर भिंतीवर कोळशाने रेघा ओढा.

वस्तीतल्या घरात काय काय जमते?

"दहा बाय दहाच्या खोलीत कसला आनंद?" असे कोणी म्हणेल. आमच्या फेरीत पाहिलेल्या काही गोष्टी सांगते.

ताईंनी रंगाचा रिकामा डबा घेतला, तळाला खिळ्याने भोके पाडली, माती भरली. रात्रभर भिजवलेले मूठभर मेथीदाणे त्यात पेरले. तीन-चार दिवसांत हिरवे कोंब वर आले. म्हणाल्या, "सकाळी उठून बघावंसं वाटतं, आज किती वाढलं." बघण्यासाठी उठणे, हेच औषध. पुढे ती मेथी भाकरीबरोबर पानातही आली.

नाक्यावर काम करणारे एक दादा. त्यांचे दुखणे वेगळे होते. कमावता हात घरी बसला की आपण कोणाच्या उपयोगाचे नाही, असे वाटते. त्यांनी गल्लीतल्या मोडक्या छत्र्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, मिक्सरची झाकणे दुरुस्त करायला घेतली. पैसे कमी मिळाले, पण दारात चार माणसे येऊ लागली.

बारावीची एक मुलगी. तिने समोरच्या आजींना रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवायला घेतला. ती आपल्या ओट्यावर, आजी त्यांच्या ओट्यावर, मधे मोकळी गल्ली.

कोणी चिमण्यांसाठी पाण्याची वाटी ठेवतो. ठेवा, फक्त कबुतरांना दाणे टाकू नका. त्यांच्या विष्ठेची धूळ फुप्फुसाला चांगली नाही. कोणी शब्दकोडे सोडवतो. ज्यांना आनापान जमते त्यांनी दहा मिनिटे श्वासावर लक्ष ठेवावे. खोकला उठला तर थांबावे, ओढून-ताणून करू नये.

आपल्यात काहींना वाटते, घरात पैशाची चणचण आणि आपण गाणी काय ऐकतोय! बाबासाहेबांनी एवढ्या कामाच्या डोंगरातूनही व्हायोलिन शिकायला वेळ काढला होता. कष्टकऱ्याला दोन घटका आनंदाचा हक्क नाही, असे कुठे लिहिलेले नाही.

अर्थात मेथीच्या डब्याने रेशन भरत नाही. जे हक्काचे आहे ते मागून घ्या. निक्षय पोषण योजनेत उपचार सुरू असेपर्यंत दरमहा १००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० होती. आले नसतील तर खाते आणि आधार घेऊन टीबी केंद्रात चौकशी करा, किंवा १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर विचारा.

घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी

ताट वेगळे काढू नका. दिवसातून एकदा तरी ओट्यावर, मोकळ्या हवेत रुग्णाबरोबर बसून जेवा. "गोळी घेतलीस का?" याआधी "आज काय केलंस?" हे विचारा. घरातला एखादा निर्णय, मग तो उद्याच्या भाजीचा का असेना, त्याला घेऊ द्या. "उठ, हस, आनंदी राहा," असा आग्रह धरू नका. त्याच्या शेजारी बसून शेंगा सोला, एवढे पुरते. विहारातल्या मंडळींनी, कोणी दोन रविवार दिसले नाही तर दारावर जाऊन हाक मारावी.

एवढ्याने भागत नसेल तर

दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसातला बहुतेक वेळ मन उदास असेल, झोप-भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर हा मनाचा आजार असू शकतो. त्यालाही औषध आणि उपचार आहेत. टीबीची काही औषधेही मनावर परिणाम करतात. विशेषतः दाद न देणाऱ्या टीबीत दिले जाणारे सायक्लोसेरीन. अशा वेळी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. ते औषध बदलू शकतात. उदासी घालवायला दारू तर मुळीच नको. गोळ्यांचा भार आधीच यकृतावर असतो.

"जगून काय करायचं" असे विचार येत असतील तर त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे. दिवसरात्र सुरू, मोफत, मराठीत बोलता येते. आणि घरच्यांनी असे बोलणे ऐकले तर त्या माणसाला एकटे सोडू नये.

ताईंचा सहावा महिना संपला तेव्हा तपासणीत जंतू निघाले नाहीत. वहीत मधल्या काही दिवशी ४ चा २ झालेलाही दिसतो. नवरा चिडला तो दिवस, जुन्या मालकिणीने पुन्हा कामावर घ्यायला नकार दिला तो दिवस. पण त्या दोन्ही दिवशी गोळीपुढे खूण आहे. आता त्या दोन नव्या घरी जातात, आणि डब्यात मेथीच्या जागी मिरची लावली आहे. परवा मला म्हणाल्या, "पलीकडच्या गल्लीत एका पोराला टीबी निघालाय म्हणं. वही आणि डबा घेऊन जाऊन येते."

तुमच्या गल्लीतही असे एखादे दार बंद असेल. जाऊन हाक मारा.

जय भीम.