कीटकनाशकांचे पानांवरील अवशेष

फळझाडांवर मारलेला कीटकनाशकाचा फवारा वाळल्यावर पानांवर जो पातळ थर उरतो, त्यास अवशेष म्हणतात. त्याचा ऱ्हास लगेच सुरू होतो. काही भाग पावसाने धुऊन जातो, काहीचे बाष्पीभवन होते, तर सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण व आर्द्रता यांमुळे काहीचे विघटन होते. काही अंश पानावरील मेणात मुरतो. रासायनिक परीक्षणात तो आढळला, तरी पानावरून चालणाऱ्या किडीस तो फारसा बाधत नाही. वाढत्या पानावर थर विरळ होतो आणि फवारणीनंतर फुटलेल्या पालवीवर तर तो नसतोच.

अर्धायुष्य ३ दिवसांचे असल्यास ९ दिवसांनी सुमारे एक-अष्टमांश अवशेष उरतो. नैसर्गिक पायरेथ्रिने उन्हात काही तासांतच निष्प्रभ होतात. उन्हात टिकणारे परमेथ्रिन इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे १९७३ च्या सुमारास तयार झाले.

किडीवरील परिणाम ओसरला म्हणजे बाग निर्धोक झाली, असे मात्र नव्हे. कॅलिफोर्नियातील संत्र्यांच्या बागांत पॅराथिऑन वापरीत असत. कोरड्या, धुळकट पानांवर त्याचे ऑक्सिडीभवन होऊन अधिक विषारी पॅराऑक्सॉन बने. उन्हाळ्यात तेथे पाऊस जवळजवळ नसल्याने ते टिकून राही आणि फवारणीनंतर कित्येक दिवसांनी फळे तोडणाऱ्या मजुरांना त्वचेवाटे विषबाधा होई. म्हणून १९७० नंतर तेथे फवारणी व मजुरांचा बागेतील पुनःप्रवेश यांमधील किमान मुदती कायद्याने ठरविण्यात आल्या. त्या फळतोडणीपूर्वीच्या प्रतीक्षाकाळाहून वेगळ्या असतात.