खरकट्यावरच्या भेटी

पहाटे साडेपाच. भामचंद्र डोंगराच्या पायथ्याला, वासुलीच्या बाजूने, कॅमेरा ट्रॅपचं कार्ड काढायचं तर उजाडायच्या आत पोचावं लागतं. नंतर फर्स्ट शिफ्टच्या बसांनी रस्ता भरतो. कॅमेरा पाणवठ्यावर नाही, उकिरड्यावर बांधलाय. चाकण एमआयडीसीतल्या कँटीनचं खरकटं रात्री इथे रिकामं होतं: भात, चपात्या, कोंबडीची हाडं. कुठल्या कंपनीचं, हे मी विचारत नाही. विचारलं की गाडी महिनाभर दुसऱ्याच ओढ्यात रिकामी होते.

सहा वाजता बॉनेटवर लॅपटॉप. मध्यरात्री कुत्र्यांची टोळी, ती पांगल्यावर कोल्ह्याची जोडी, उजाडता उजाडता एकटं तरस. दोन जातींचे प्राणी एकाच फोटोत क्वचित सापडतात. मला बघायचं असतं ते कोण कुणाच्या मागून आलं आणि मध्ये किती वेळ गेला, कारण एकाचा रोग दुसऱ्याला लागेल का ते त्यावर ठरतं. कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू उघड्यावर, त्यातून उन्हात, फार टिकत नाही. त्याला श्वास लागेल इतकी जवळीक हवी, नाहीतर अजून ओली असलेली लाळ. पार्वो विषाणूला तेवढंही नको. तो विष्ठेतून मातीत पडतो आणि महिनोन्महिने तग धरतो, पुढच्याने फक्त येऊन हुंगायचं. रेबीजला चावा लागतो. त्यामुळे भेट कशाला म्हणायचं, हे प्रत्येक रोगासाठी वेगळं ठरवावं लागतं.

कोल्हा एरवी जोडीने, पिल्लांसह आपल्या हद्दीत राहतो. शेजारच्या कोल्ह्याला वासावरून ओळखतो आणि टाळतो. या अंतरामुळे रोग बऱ्याचदा एका कुटुंबातच अडकून विझतो. खरकट्याचा ढीग हे अंतर मोडतो. रोज एकाच जागी, एकाच वेळी फुकट पोटभर मिळायला लागलं की चार हद्दींतले प्राणी तिथे येतात.

आठला धनगरांच्या वाड्यावर. राखणीच्या कुत्र्यांना लस टोचायची होती. एक कमी दिसलं.

"काळं कुठाय, बाबा?"

"बिबट्यानं नेलं की, ताई. परवाच्या रातीला."

बिबट्या एकलकोंडा, स्वतःच्या जातीतही फारसा मिसळत नाही, पण इथे कुत्रं हाच त्याचा घास आहे. आजारी कुत्रं पळू शकत नाही, म्हणजे तेच आधी सापडणार. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्यांवर २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भटकी कुत्री खाऊन ते माणसांना होणारे कुत्र्यांचे चावे कमी करतात, असा त्याचा निष्कर्ष होता. माणसाच्या बाजूने हिशेब बरोबर आहे. बिबट्याच्या बाजूने तो कुणीतरी मांडावा, असं मला वाटत राहतं.

दहाच्या सुमारास दवाखाना. वॉचमनने खोक्यातून पिल्लं आणलेली, डोळ्यांत चिपडं, नाक वाहतंय.

"मॅडम, गेटवरची जुनी कुत्री उचलून नेली. चार दिवसांत ही नवीनच आली."

नेली म्हणजे टेम्पोत घालून दुसऱ्या गावाच्या हद्दीत सोडली. प्राणी जन्म नियंत्रणाच्या २०२३च्या नियमांप्रमाणे नसबंदी केलेलं कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं. ही भूतदया वाटते, पण त्यात रोगाचंही गणित आहे. इंग्लंडमध्ये गायींचा क्षयरोग रोखायला १९९८पासून काही वर्षं तो रोग वाहणारे बॅजर मारून पाहिले. मारलेल्या भागाच्या आसपास गायींतला रोग उलट वाढला, कारण कळप मोडल्यावर उरलेले बॅजर लांबवर फिरू लागले आणि नवनव्यांच्या संपर्कात आले. टेम्पोवाल्याला हे सांगण्यात अर्थ नाही, त्याला फेरीचे पैसे मिळतात.

दुपारी दीड. सावरदरीच्या रस्त्यावर भर उन्हात कोल्हा फिरतोय, माणसाला भीत नाही. कुणीतरी वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवलेलं होतं. मी पोचेपर्यंत हातात दगड घेतलेली पोरं जमलेली. सगळे म्हणत होते, पिसाळलाय. असेलही. पण जबडा चावल्यासारखा हलत होता आणि मागच्या एका पायाला ठरावीक लयीत झटका बसत होता. डिस्टेंपरमध्येही असं होतं. नुसतं बघून दोन्ही सांगता येत नाही, रेबीजची खात्री मेल्यावर मेंदू तपासूनच होते. वनखात्याच्या माणसांनी जाळी टाकली. पिंजऱ्यात घालेपर्यंत कोल्हा गेला. हातमोजे घालून नमुने घेतले, बर्फात ठेवले. पोरांपैकी कुणी हात लावला का, हे मात्र प्रत्येकाला दोनदा विचारलं.

साडेचार. अहवाल. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर झालेलं काम अशा वेळी आठवतं. तिथली खोकडं गावकुत्र्यांना टाळतात. तरी कुत्र्यांत सर्रास आढळलेल्या पार्वो आणि डिस्टेंपरच्या संसर्गाच्या खुणा खोकडांच्या रक्तातही मिळाल्या. गीरमध्ये तर सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८मध्ये तीन आठवड्यांत २३ सिंह गेले. त्यांतल्या काहींत डिस्टेंपर असल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने दाखवलं. सिंह कळपाने एका शिकारीवर तोंड घालतात, एकाला झालं की सगळ्यांना. आपल्याकडे नसबंदीबरोबर रेबीजची लस देतात, डिस्टेंपरची सहसा देत नाहीत.

रात्री साडेआठला कँटीनच्या ठेकेदाराला फोन. खरकटं रात्री टाकू नका, झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा आणि सकाळी उजेडात उचला, एवढंच मागणं.

"सेकंड शिफ्टचं जेवण नऊला, मॅडम. भांडी होईस्तोवर अकरा. ड्रम ठेवला तर वासाची बोंब होते. डुकरंवाला सकाळी न्यायला तयार आहे, पण गाडीभाडं कोण देणार?"

डुकरंवाल्याचा नंबर त्याच्याकडूनच घेतला. त्याला सगळं उकळून घालायला सांगावं लागेल. नाहीतर स्वाइन फीव्हरचं लचांड वेगळंच.